बाबा माझे 'माहितीदार क्र. ४' : श्रद्धा आणि समाजशास्त्र एका घरात कसं नांदवायचं?

इंद्रायणीकाठ | मंगळवार, रात्री ११:४२

नमस्कार मंडळी. दोन वर्षं नुसती वाचनमात्र होते, आज पहिल्यांदा धागा काढतेय, चुकलं तर सांभाळून घ्या. जरा लांबेल.

मी पुण्यात समाजशास्त्रात एमए करतेय, दुसरं वर्ष. राहायला धनकवडी, मूळ गाव खेड तालुक्यात. बाबांची पिठाची गिरणी आहे. घरात तीन पिढ्यांची माळ. बाबा बावीस वर्षं माऊलींच्या पालखीबरोबर पायी जातात, तेवढे दिवस गिरणीला कुलूप असतं आणि गिऱ्हाईकंही कुरकुर न करता आधीच जास्तीचं दळण टाकून मोकळी होतात. मी स्वतः सातवी ते बारावी दरवर्षी पुणे ते सासवड चाललेय. दिवेघाटात वर पोचल्यावर मागे वळून बघितलं की खाली वळणावळणाचा पांढरा पट्टा हलताना दिसतो, ते ज्यांनी बघितलंय त्यांना मी काय म्हणतेय ते कळेल, बाकीच्यांना सांगून उपयोग नाही.

तर झालं असं की पहिल्या वर्षी डर्कहाइम शिकवला. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात : फ्रेंच माणूस, वडील रब्बी, स्वतः मात्र धर्मातून बाहेर पडलेला. १९१२ च्या पुस्तकात त्याने ऑस्ट्रेलियातल्या आदिवासींच्या कुलचिन्हांवर लिहिताना म्हटलंय की माणसं एकत्र जमतात, नाचतात, गातात, तेव्हा अंगात जो उमाळा येतो तो त्यांना आपल्या बाहेरच्या कुठल्यातरी शक्तीचा वाटतो, आणि ती शक्ती म्हणजे खरं तर समाजच. म्हणजे माणसं देवाच्या नावाने समाजालाच नमस्कार करतात. वर्गात ऐकताना भारी वाटलं, टिपणंही छान काढली.

मग कार्तिकीच्या आधी गावात सप्ताह होता. काल्याच्या कीर्तनाला मी नेहमीसारखी टाळ घेऊन उभी. 'ज्ञानोबा माऊली तुकाराम' सुरू झालं, लय चढली, शेजारच्या काकू रडायला लागल्या आणि माझ्या डोक्यात एकच, 'हाच तो उमाळा.' बास. त्या क्षणी टाळ हातात तसाच राहिला. माझं वाजवणं थांबलं नव्हतं पण मी तिथे नव्हते, मी मांडवाच्या खांबाला टेकून स्वतःकडे बघत होते असं काहीतरी. तेव्हापासून हे जातच नाहीये. आरतीला उभं राहिलं तरी कोण पुढे कोण मागे, बायका कुठल्या बाजूला, ताट कोणाच्या हातात, हेच दिसतं.

आता मुख्य घोळ. प्रबंधिकेचा विषय वारीच घेतलाय (कोणी म्हणू नका की कशाला घेतलास, घेतला). मुलाखती घ्यायच्या होत्या, पहिल्या काही दिंडीतल्याच लोकांच्या घेतल्या, त्यात बाबाही. नियमाप्रमाणे नावं काढून नंबर दिले. मागच्या आठवड्यात वही गिरणीत विसरले. घरी आणून उघडली तर एका पानाच्या कडेला पिठाचा अंगठा उमटलेला. ते पान असं होतं :

'माहितीदार क्र. ४. पु., वय ५८, व्यवसाय गिरणी, शिक्षण नववी. वारीचं कारण विचारलं असता ठरीव उत्तर : माऊली चालवते, मी कोण जाणार. (कर्तेपण देवाकडे सोपवण्याची भाषा, गटातून उचललेली?)'

रात्री जेवताना बाबा भाकरी मोडता मोडता म्हणाले, "तो चौथा म्हणजे मी ना गं?" मी हो म्हटलं. थोड्या वेळाने, "ठरीव म्हणजे पाठ केलेलं, असंच ना?" मला काही बोलताच आलं नाही. ते रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं.

तर माझा प्रश्न असा आहे की तुमच्यापैकी जे कोणी समाजशास्त्र, मानववंशशास्त्र, मानसशास्त्र असलं काही शिकलेत आणि ज्यांच्या घरात किंवा मनात देवधर्म आहे, ते हे कसं निभावतात? देव आहे की नाही हा धागा नाही, प्लीज.

---

पाषाणतळं | मंगळवार, रात्री ११:५८

पैला! वाचतोय. पिठाचा अंगठा म्हणजे काय राव, झोप उडवलीत.

---

सरळमार्गी | बुधवार, सकाळी ८:१०

लेखन आवडलं. पण 'देव आहे की नाही हा धागा नाही' म्हणून कसं चालेल, प्रश्न तोच तर आहे. जादूगाराची युक्ती एकदा कळली की परत तोंडाचा आ वासता येत नाही आणि वासायचा प्रयत्न करणं हे नाटक असतं. तुम्हाला युक्ती कळलीय. आता त्रास होतोय तो सवय मोडण्याचा, चहा सोडल्यावर डोकं दुखतं तसा. दुखू द्या, थांबेल.

मी स्वतः कट्टर वारकरी घरातला, पंधरा वर्षं झाली सोडून. आईवडिलांशी वाद घालत नाही, प्रसाद दिला तर खातो. पण मला आत काही अडकलेलं नाही. तुमच्या बाबतीत काळजी एवढीच वाटते की तुम्ही अभ्यासालाच गुन्हेगार ठरवताय.

---

मंजिरीताई | बुधवार, सकाळी १०:३५

इंद्रायणी, आधी एक सांग, तू इरावतीबाई कर्व्यांचा वारीवरचा लेख वाचलास का? नसेल तर अभ्यासक्रम ठेव बाजूला आणि तो वाच. बाई डेक्कन कॉलेजात होत्या, शिक्षण बर्लिनपर्यंत झालेलं, माणसांच्या कवट्या मोजायचं शास्त्र शिकून आलेल्या, आणि लग्न होऊन आल्या त्या कर्व्यांच्या घरात. सासरे धोंडो केशव, दीर र. धों. म्हणजे संततिनियमनवाले. त्या घरात विठोबाला जागा कुठून असणार? आणि ह्या बाई दिंडीबरोबर पायी चालल्या.

पण मुद्दा चालल्या हा नाहीये. त्यांना जे दिसलं ते त्यांनी झाकलं नाही. एकाच दिंडीत ब्राह्मण आणि मराठा बाया दिवसभर बरोबर चालतायत, गातायत, आणि जेवणाची वेळ झाली की पंगती वेगळ्या. त्यांना ते टोचलं, तसं लिहिलं. आणि त्याच लेखात पंढरीच्या वाटेवर त्यांना महाराष्ट्र म्हणजे काय ते सापडलं असंही लिहिलं, आणि ते वाचताना डोळे भरून येतात गं. दोन्ही एकाच बाईने, एकाच लेखात. टिपण करणारी बाई आणि चालणारी बाई यांच्यात त्यांनी भिंत घातली नाही. तुला ती भिंत घालायला कोणी शिकवली ते शोध.

बाकी बाबांशी बोल. नुसती गप्प बसू नकोस. आम्हा वयस्कर मंडळींना गप्प बसणं म्हणजे 'हो, तसंच आहे' असं ऐकू येतं.

---

फुलऑन_पुणेरी | बुधवार, दुपारी १:०२

समाजशास्त्रात एमए करून पुढे स्कोप काय असतो? जेन्युइन प्रश्न, उगाच नाही. भाचीला टाकायचंय.

---

पाषाणतळं | बुधवार, दुपारी १:०९

@फुलऑन_पुणेरी भाची काय दळण आहे का टाकायला :)

---

अडीचटक्के | बुधवार, संध्याकाळी ७:२०

धागा आवडला, आणि मला वाटलं होतं हा आजार मलाच झालाय. मी कॅम्पातला, अर्थशास्त्र केलं, प्रोजेक्ट जकातीवर होता (नाक्यावरची जकात नव्हे, इस्लाममधलं संपत्तीच्या अडीच टक्क्यांचं दान, आयडीचं रहस्य उलगडलं असेल). घरी पाच वेळची नमाज. प्रोजेक्ट करताना मी घरच्यांना कौतुकाने सांगायचो की जकात म्हणजे संपत्तीचं फेरवाटप आहे, रोज्यामुळे समाजाचा एकोपा टिकतो वगैरे. अब्बांना आधी बरं वाटायचं, पोरगा आपल्या धर्माची शास्त्रीय बाजू मांडतोय. एकदा म्हणाले, "मग एकोपा दुसऱ्या कशाने टिकत असेल तर रोजा नको का?" मी गारद.

नंतर खूप विचार केला त्यावर. मर्टन नावाच्या अमेरिकन समाजशास्त्रज्ञाने तिकडच्या होपी आदिवासींच्या पावसाच्या नाचाचं उदाहरण दिलंय. नाचून पाऊस येत नाही, पण विखुरलेली माणसं एकत्र येतात, गट टिकतो, म्हणजे उघड हेतू एक आणि आड काम दुसरं. छान. पण यात एक गंमत आहे. होपी जर उद्या म्हणाले की चला, गट टिकवायला नाचूया, तर नाच मरेल आणि गटही टिकणार नाही. ते आड काम होतं ते पावसासाठी नाचल्यामुळेच. मी एकोप्यासाठी रोजा ठेवला तर मी फक्त उपाशी राहिलेला माणूस आहे, बाकी काही नाही.

म्हणजे समाजशास्त्राचं उत्तर चूक नाहीये, पण त्या उत्तरावर जगता येत नाही. निदान मला नाही आलं. आता मी रोजा ठेवतो तेव्हा अल्लासाठी ठेवतो आणि पेपर लिहितो तेव्हा पेपर लिहितो. कधीकधी इफ्तारच्या वेळी दोघं एकमेकांसमोर येतात, खजूर हातात असतो, मग मी खजूर खातो.

---

इंद्रायणीकाठ | बुधवार, रात्री १०:१५

@मंजिरीताई लेख वाचलाय, प्रबंधिकेत संदर्भ पण दिलाय. पण तुम्ही म्हणता तसा नाही वाचला बहुतेक, जेवणाच्या पंगतीचा परिच्छेद तेवढा खूण करून ठेवला होता. परत वाचते.

भिंत कोणी घातली तर, मार्गदर्शकांनी पहिला मसुदा परत पाठवला त्यावर शेरा होता, 'भक्ताची भाषा काढा, अंतर ठेवा.' मी अंतर ठेवलं. 'ठरीव' हा शब्द त्यानंतरचा आहे. आधी मी तिथे 'शांतपणे म्हणाले' असं लिहिलं होतं.

@सरळमार्गी तुमचं चहाचं उदाहरण पटत नाहीये पण का ते सांगता येत नाहीये. विचार करते.

@अडीचटक्के अब्बांना सलाम सांगा _/\_

---

जुनंखोड | गुरुवार, सकाळी ६:५०

सरळमार्गी यांच्या जादूगाराबद्दल मला थोडं सांगायचंय, म्हणून सकाळी सकाळी बसलोय. हा विषय मी आयुष्यभर शिकवला, आता निवृत्त.

इव्हान्स-प्रिचर्ड नावाचा इंग्रज मानववंशशास्त्रज्ञ सुदानात अझांदे लोकांत राहिला, त्यावर १९३७ साली पुस्तक आलं. त्यात धान्याच्या कोठाराची गोष्ट आहे. कोठार खांबांवर उभं, खांब वाळवीने खाल्लेले, खाली माणसं सावलीला बसलेली, कोठार कोसळलं, माणसं जखमी. अझांदे म्हणतात चेटूक. साहेब म्हणतो अरे वाळवी. तर ते म्हणतात, वाळवी आम्हालाही माहितीय, पण हीच माणसं खाली बसलेली असताना त्याच घटकेला का कोसळलं? म्हणजे 'कसं' याचं उत्तर असलेल्या माणसालाही 'मीच का' हा प्रश्न उरतो. चेटूक हे त्या प्रश्नाचं वाईट उत्तर असेल, पण प्रश्न मूर्खपणाचा नाही. युक्ती कळली की संपलं असं म्हणणाऱ्याने बहुतेक 'कसं' एवढंच विचारलेलं असतं.

आणि हाच इव्हान्स-प्रिचर्ड १९४४ मध्ये कॅथलिक झाला. पुढे सुदानातल्याच नुएर लोकांच्या धर्मावर लिहिताना शेवटी त्याने सरळ कबूल केलं की इथून पुढे मानववंशशास्त्रज्ञाचं काम संपतं, आता धर्मशास्त्र्याने बघावं. व्हिक्टर टर्नर आणि एडिथ टर्नर हे मानववंशशास्त्रज्ञ जोडपं, आफ्रिकेत विधी अभ्यासून आले आणि तेही कॅथलिक झाले. याच टर्नरने तीर्थयात्रांवर लिहिताना आपल्या पंढरीच्या वारीचा दाखला घेतलाय, तोही इरावतीबाईंच्या लेखावरून आणि देल्युरींच्या पुस्तकावरून. देल्युरी म्हणजे फ्रेंच जेझुइट, विठोबाच्या पंथावरचं त्यांचं पुस्तक १९६० साली डेक्कन कॉलेजनेच छापलं. बघा, पाद्री विठोबावर लिहितो, कॉलेज छापतं, कोणाचं काही बिघडलं नाही.

याउलट जर्मन समाजशास्त्रज्ञ वेबर. धर्मावर त्याच्याइतकं कोणी लिहिलं नसेल, आणि एका पत्रात म्हणतो की धर्माच्या बाबतीत मला सुरांचा कानच नाही. पण पुढे हेही म्हणतो की मी धर्मविरोधी नाही. कान नाही हे माहीत असलेला माणूस. इंद्रायणी, तुझी अडचण उलटी आहे, तुला कान आहे, आणि तुला सांगितलंय की परीक्षेत कानात बोळे घालून बस.

समाजशास्त्रज्ञ पीटर बर्गरचा एक शब्द उपयोगी पडेल : पद्धतीपुरतं नास्तिक असणं. म्हणजे अभ्यासाला बसताना देव आहे किंवा नाही दोन्ही गृहीत धरायचं नाही, माणसं काय करतात ते बघायचं. हे अभ्यासापुरतं, आयुष्यापुरतं नाही. तो स्वतः लुथेरन ख्रिश्चन होता, शेवटपर्यंत. १९६० च्या दशकात तो म्हणायचा आधुनिकता येईल तसा धर्म आटेल, १९९९ मध्ये त्याने जाहीरपणे म्हटलं की आम्ही चुकलो.

(बोटं दुखली. चहा.)

---

सरळमार्गी | गुरुवार, सकाळी ९:३०

जुनंखोड सर, प्रतिसाद अभ्यासपूर्ण, दंडवत. पण मोठी माणसं कॅथलिक झाली यावरून काय सिद्ध होतं? मी दुसऱ्या बाजूची तेवढीच नावं देऊ शकतो. आणि 'मीच का' या प्रश्नाला 'योगायोग' हे उत्तर आहे, ते आवडत नाही ही उत्तराची चूक नव्हे.

दुसरं म्हणजे हे सगळं फार गोड चाललंय. आपण पुण्यात बसून बोलतोय. २० ऑगस्ट २०१३ ला सकाळी ओंकारेश्वराजवळच्या पुलावर दाभोलकरांना गोळ्या घातल्या. ते तर आयुष्यभर सांगत होते की आमचा विरोध देवाधर्माला नाही, शोषणाला आहे. म्हणजे इतकं सांभाळून बोललेल्या माणसाची ही गत. त्यामुळे श्रद्धा आणि चिकित्सा सुखाने नांदतात असं कोणी लिहिलं की मला तो पूल आठवतो, माफ करा.

---

जुनंखोड | गुरुवार, सकाळी ११:०५

माफी कशाला, मलाही आठवतो, मी रोज त्याच बाजूला फिरायला जायचो. पण त्या पुलाचं नाव काय आहे? महर्षी विठ्ठल रामजी शिंदे पूल. नावातच विठ्ठल. हा माणूस १९०१ ते १९०३ ऑक्सफर्डला मँचेस्टर कॉलेजात तौलनिक धर्माचा अभ्यास करून आला, आल्यावर प्रार्थना समाजाचा प्रचारक झाला, १९०६ मध्ये अस्पृश्यांसाठी मिशन काढलं, १९३३ मध्ये अस्पृश्यतेच्या प्रश्नावर संशोधनाचा ग्रंथ लिहिला. मराठीतलं चांगल्यात चांगलं समाजशास्त्र त्यात आहे आणि लिहिणारा माणूस रोज उपासनेला बसणारा. त्यांच्या मिशनचा अहिल्याश्रम आपल्या नाना पेठेत, आणि तुकोबांची पालखी उतरते तो निवडुंग्या विठोबाही नाना पेठेतच.

श्रद्धा आणि चिकित्सा दोन्ही त्याच पुलावर आहेत, एवढंच म्हणतोय. नांदतात असं मी म्हटलंच नव्हतं.

---

सरळमार्गी | गुरुवार, सकाळी ११:२१

हे माहीत नव्हतं. म्हणजे नाव माहीत होतं, तिथून रोज जातो, असा विचार केला नव्हता.

---

दापोडीवाला | गुरुवार, रात्री ९:४०

बराच वेळ लिहू की नको करत होतो. लिहितोच.

सगळे प्रतिसाद वाचले. चांगले आहेत. पण मला यात एक गोष्ट खटकली, की ताईंची सगळी चिंता 'माझी तंद्री मोडली' ही आहे. आमच्या घरी ती तंद्री लागायची सोयच नव्हती. चोखोबांची समाधी कुठे आहे ते आठवा. महाद्वाराच्या बाहेर, नामदेव पायरीसमोर. साने गुरुजींना मे १९४७ मध्ये पंढरपुरात दहा दिवस उपाशी बसावं लागलं तेव्हा मंदिर आमच्या लोकांना उघडलं. म्हणजे स्वातंत्र्य येऊन दारात उभं, आणि विठोबाचं दार बंद.

समाजशास्त्रामुळे ताईंना कोण पुढे कोण मागे ते दिसायला लागलं म्हणतात. अहो, आमच्या आजीला ते शास्त्र न शिकता दिसायचं.

आता मुद्द्याचं. बाबासाहेब हे आधी समाजशास्त्रज्ञ होते हे लोक विसरतात. १९१६ मध्ये कोलंबियात गोल्डनवायझर यांच्या मानववंशशास्त्राच्या चर्चासत्रात जातीवर निबंध वाचला, त्यात जात टिकते ती जातीतल्या जातीत लग्न लावण्याने हे दाखवून दिलं, वय पंचवीस. धर्माची इतकी चिरफाड करणारा माणूस पुढे म्हणतो का की धर्म नको? नाही. ते १९३६ मध्येच म्हणाले होते की नियमांचा धर्म नको, तत्त्वांचा हवा. आणि २५ डिसेंबर १९५४ ला आपल्या देहूरोडला त्यांनी बुद्धाची मूर्ती बसवली, त्या भाषणात पंढरपूरचा विठोबा मुळात बुद्ध आहे असं मत मांडलं. दोन वर्षांनी नागपूर. म्हणजे त्यांनी अभ्यास करून श्रद्धा सोडली नाही आणि श्रद्धा ठेवून अभ्यासही सोडला नाही. अभ्यासाने जी श्रद्धा टिकली नाही ती टाकली आणि टिकली ती घेतली. तंद्री मोडल्याचं दुःख करत बसले नाहीत.

ताई, राग मानू नका. तुमच्या बाबांच्या दिंडीत स्वयंपाक कोण करतं, आडनावं काय काय आहेत, हे तुमच्या वहीत आहे का? असेल तर तुमचा अभ्यास खरा. नसेल तर तुम्ही बाबांना नंबर दिला पण प्रश्न विचारलाच नाही.

---

मंजिरीताई | गुरुवार, रात्री १०:०२

दापोडीवाला, हे लिहिलंत ते फार बरं केलंत.

---

फुलऑन_पुणेरी | गुरुवार, रात्री १०:४४

मी स्कोप विचारायला आलो होतो आणि दोन तास वाचत बसलोय. भाचीला लिंक पाठवली.

अवांतर : कोसंबी (दामोदर, गणितवाले) पण वारीवर लिहून गेलेत ना? लॉ कॉलेज रोडला राहायचे, आजोबा सांगायचे की काठी घेऊन टेकड्या पालथ्या घालत दगडाची बारीक हत्यारं गोळा करायचे. पालखीचे रस्ते हे मूळचे गुरं घेऊन फिरणाऱ्या लोकांचे प्रागैतिहासिक रस्ते आहेत असं काहीतरी त्यांचं म्हणणं.

---

जुनंखोड | शुक्रवार, सकाळी ७:१५

@फुलऑन_पुणेरी हो, १९६२ च्या पुस्तकात आहे ते. बापाने बौद्ध धर्माचा ध्यास घेतला, मुलगा मार्क्सवादी, आणि मुलगा रस्त्याकडेच्या म्हसोबांपुढे तासन् तास उभा. म्हसोबाला शेंदूर कोण लावतं ते विचारत.

---

वकीलसाहेब_नव्हे | शुक्रवार, दुपारी १२:३०

सगळे तत्त्वज्ञान सांगतायत, मी व्यवहाराचं विचारतो. बाबांची लेखी संमती घेतली होती का? आणि स्वतःच्या वडिलांना माहितीदार करता येतं का हे कोणी विचारलं नाही का विभागात? मी सर्वेक्षणाच्या कंपनीत आहे, आमच्याकडे नातेवाईक चालत नाहीत. ते तुमच्यासमोर खरं बोलूच शकत नाहीत, तुम्ही मुलगी आहात.

---

इंद्रायणीकाठ | शुक्रवार, रात्री ११:५०

@वकीलसाहेब_नव्हे संमतीपत्रावर सही आहे. वाचलं नव्हतं त्यांनी. "तुझ्या कॉलेजचं आहे ना, आण इकडे," म्हणून गिरणीच्या पावतीपुस्तकावर ठेवून सही केली. खाली लिहिलेलं असतं, 'मला अभ्यासाचा हेतू समजला आहे.'

@दापोडीवाला दादा राग नाही आला. लाज वाटली. वहीत आडनावं नाहीत. यंदा विचारते. सासवडपर्यंत जातेय बरोबर, आठ वर्षांनी.

---

पाषाणतळं | पाच आठवड्यांनी, रविवार

धागा वर काढतोय. आषाढी होऊन गेली, बाबा आले का? वृत्तांत पाहिजे.

---

इंद्रायणीकाठ | रविवार, रात्री १२:२०

आले. द्वादशीचं पारणं सोडून एसटीने रात्री स्वारगेटला उतरले, पायाला फोड, आवाज बसलेला, नेहमीसारखे.

क्रमाने सांगते. पालखी भवानी पेठेत मुक्कामाला होती त्या संध्याकाळी बाबांच्या दिंडीची राहुटी जिथे होती तिथे गेले, आचारी पिठलं ढवळत होता, मी भाकऱ्या थापायला बसले आणि दिंडीचालकांकडून भिशीची (दिंडीच्या वर्गणीची) वही मागून घेतली. एकशे चौदा नावं. दोन पानांतच कळलं. खाली बसून मोजायची गरज नव्हती तरी मोजलं. एकशे सहा एकाच जातीची आडनावं, उरलेली आठ आसपासच्याच. बाबांना दाखवलं. ते म्हणाले, "तसं काही ठरवून नाही केलेलं." मग वही उलटी करून ठेवली आणि म्हणाले, "पण झालंय खरं तसं." दुसऱ्या दिवशी हडपसरच्या पुढे चालताना अचानक सांगायला लागले की पूर्वी वाटेत एक म्हातारे बुवा चार-पाच वर्षं दिंडीच्या मागून चालायचे, आवाज फार गोड, कोणी हाकललं नाही कधी पण 'आत या' पण कोणी म्हटलं नाही. "मी पण नाही म्हटलं," असं दोनदा बोलले. नंतर बराच वेळ गप्प. दापोडीवाला, हे तुमच्या प्रश्नामुळे निघालं आणि ते वहीत गेलंय, त्यांना विचारून.

घाटात काय झालं ते नीट सांगता येणार नाही. मी टाळ घेतला होता. वही सॅकमध्ये होती. उमाळा आला का, आला. हाच तो, असंही आलं डोक्यात, दोन्ही एकदम. मला वाटलं होतं दुसरं आलं की पहिलं पळून जातं. नाही गेलं, किंवा यंदा तरी नाही गेलं. शेजारच्या मावशींनी मात्र माझा टाळ एका मात्रेने मागे पडतोय म्हणून हाताने लय दाखवली, तेवढं पुरलं.

आणि परवाची गोष्ट. गिरणी उघडल्यावर पहिल्या दिवशी दळणांची रांग लागली होती, रात्री नऊला शेवटची ज्वारी संपवून बाबा पट्टा उतरवत होते. मी डबे पुसत होते. म्हणाले, "तुझा फोन कुठाय?" घरी आहे म्हटलं. "रेकॉर्डिंग नाही ना?" नाही. मग म्हणाले की तू मुलाखत घेतलीस तेव्हा समोर आपले दिंडीवाले दोघं बसले होते, त्यांच्यासमोर काय सांगणार, म्हणून जे सगळे सांगतात ते सांगितलं. तू 'ठरीव' लिहिलंस ते काही खोटं नाही.

आणि मग पहिल्या वर्षी ते का गेले ते सांगितलं. बावीस वर्षांपूर्वीचं. मला यातलं काहीच माहीत नव्हतं, आईला माहीत असेल नसेल. ते प्रबंधिकेत येणार नाही आणि इथेही लिहीत नाही, समजून घ्या.

सांगून झाल्यावर पिठाचे हात झटकत म्हणाले, वहीत ते ठरीवच राहू दे, बदलू नको. वय तेवढं ५९ कर.